मावशीचा मंगळवार-बुधवार

माझ्या मावशीला पसरलेलं काही बघवत नाही. वर्तमानपत्र वाचून टेबलावर टाकलं की पुढच्या क्षणी त्याची चौकोनी घडी होते. सुट्टीच्या दिवशी मी अंथरुणात जरा लोळत पडलो, तर ती माझ्या अंगाखालून चादर अशा सफाईने ओढते की मी गादीवर जसाच्या तसा राहतो आणि चादर मात्र कपाटात जाऊन बसते. पगाराची चिठ्ठीसुद्धा ती आठ पदरी घडी घालून ठेवते. ती चिठ्ठी मी उलगडली आणि तिथून सगळं बिनसलं. पण ते पुढे.

मावशी एका मोठ्या लाँड्रीत कामाला आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे धुवायला येतात. धुतलेली ओली चादर तापलेल्या रोलरच्या एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने कडक वाळून बाहेर येते. बाहेर येणारी चादर धरायला दोघीजणी लागतात. एकीने डावी टोकं धरायची, दुसरीने उजवी. जवळ यायचं, लांब जायचं, पुन्हा जवळ यायचं, की घडी तयार. हे काम सगळ्यांना जमत नाही. रोलरवरच्या बायका लाँड्रीत जरा मान वर करूनच चालतात. टॉवेलांच्या टेबलावर नव्या मुली बसतात. टॉवेल काय, कुणीही घडी घालतं.

मावशीची जोडीदारीण ताडमाड उंच, म्हणून तिला सगळे शिडी म्हणतात. मावशी बुटकी. ती एकदा धरलेलं सोडत नाही, म्हणून तिला चिमटा म्हणतात. शिडी आणि चिमटा यांनी धरलेली चादर नेहमी उतरती दिसते, पण घडी झाली की कोपऱ्याला कोपरा. लाँड्रीतली रीत अशी की रोलरवरची जोडी एकत्र येते आणि एकत्र जाते. एकीची सुट्टी ती दुसरीची सुट्टी.

या जोडीचा आठवडा मावशीने स्वतः मालकाकडे भांडून लावून घेतला होता. गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि सोमवार असे चार दिवस, बारा-बारा तास. रविवारी लाँड्री बंदच असते. मंगळवार-बुधवार मोकळे. कारण काका. काका लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात. सोमवारी रात्री घरी येतात आणि गुरुवारी उजाडायच्या आत निघून जातात. म्हणजे मावशीला नवरा मिळतो तो मंगळवारी आणि बुधवारी.

मिळालेल्या नवऱ्याचं ती काय करते, तर भांडते. काका मंगळवारी सकाळी न मोडलेल्या वस्तू दुरुस्त करायला काढतात. दुपारपर्यंत त्या मोडतात. मग भांडण. मंगळवार रात्र ते बुधवार दुपार अबोला. बुधवारी संध्याकाळी दोघं बाजारात जातात आणि येताना एकाच पिशवीचा एक बंद तिने, एक बंद त्यांनी धरलेला असतो. पिशवीत कधी कधी नुसती कोथिंबीर असते.

आणि मी. मी या घरातला शिकलेला भाचा. गावातल्या कॉलेजात वाणिज्य शाखा केली आणि नोकरीसाठी इथे आलो. एका करसल्लागाराच्या ऑफिसात बिलांना टाचण्या मारायचं काम मला मिळालं आहे. मावशीचं घर सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत दाराच्या मागे माझी खाट. दार पूर्ण उघडलं की माझ्या गुडघ्यांवर आपटतं. भाडं मी देत नाही, त्यामुळे गुडघ्यांबद्दल बोलतही नाही.

कॉलेजात कामगार कायद्यांचा एक पेपर होता. त्यात मला काठावर पास करणाऱ्या परीक्षकाचे उपकार मी विसरणार नाही. त्या विषयावर आपल्याला कुणीतरी काही विचारावं, ही माझी तेव्हापासूनची इच्छा होती. कुणी विचारलं नाही, म्हणून मीच चिठ्ठी उलगडली.

"मावशी, ओव्हरटाइमच्या रकान्यात ही रेघ कसली?"

"शून्य काढायला त्यांचा हात दुखत असेल."

"तू दिवसाला बारा तास राबतेस आणि ओव्हरटाइम शून्य?"

"अरे, आठवड्याचे अठ्ठेचाळीस भरतात. त्याच्यावर गेलं तर ओव्हरटाइम. माझं जात नाही. ठेव ती चिठ्ठी, चुरगळू नकोस."

मी खाटेवर मांडी घातली. गळा साफ केला. "आठवड्याचं झालं. दिवसाचं काय?"

"दिवसाचं काय?"

विचारलं! शेवटी एकदाचं कुणीतरी विचारलं.

"नियमात दोन चाळण्या असतात," मी म्हणालो. "एक आठवड्याची, एक दिवसाची. आठवड्याला अठ्ठेचाळीसच्या वर काम केलंस तर वरचे तास दुप्पट दराने. पण दिवसाला नऊच्या वर केलंस, तरी त्या दिवसाचे वरचे तास दुप्पट दराने. मग आठवडा भरो न भरो. तुझे रोजचे तीन तास वर जातात. चार दिवसांचे बारा. त्या बारा तासांचे तुला दुप्पट पैसे मिळायला हवेत आणि मिळतात एकपट."

मावशीने हातातलं फडकं घडी घालून ठेवलं. पुन्हा उलगडलं. पुन्हा घडी घातली.

"पण हे बारा तास मीच मागून घेतलेत."

"मागून घेतलेस म्हणून नियम बदलत नाही."

"आणि मालक बिथरला? माझा मंगळवार-बुधवार गेला तर? मला बाकी काही नको रे. तेवढे दोन दिवस हलता कामा नयेत."

"हक्क मागितला म्हणून कुणी कुणाची सुट्टी काढून घेत नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलं होतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिडी घरी आली. दारातून वाकून आत आली आणि माझ्या गुडघ्यांवर दार आपटलं. "बघ रे बाबा माझंही. एका आठवड्यात मी शनिवारचा कपडा राहिला म्हणून रविवारी येऊन चार तास जास्त काढले होते. मशीनवाला आणि मी, दोघंच."

मी उत्साहात होतो. रोजचे तीनप्रमाणे बारा. शिवाय आठवडा झाला बावन्न तासांचा, म्हणजे अठ्ठेचाळीसच्या वर चार. बारा आणि चार सोळा. "सोळा तास दुप्पट!" मी जाहीर केलं. शिडीने मला दुवा दिला. मावशी माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, जशी ती डाग न राहिलेल्या चादरीकडे बघते. त्या नजरेवर मी तीन दिवस काढले.

मग आम्ही तिघं मालकाच्या केबिनमध्ये गेलो. मालकाचा सगळा जन्म कपड्यांत गेला, पण त्यांना कपड्यांच्या तंतूंचीच शिंक येते. शेजारी हिशेबाच्या बाई बसलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी बोललो. चांगलं बोललो असं मला वाटलं. चाळण्या आल्या, हक्क आला, मध्ये एकदा घटनाही आली. ती कशाला आली ते मला माहीत नाही.

बाईंनी माझा कागद पाहिला. "चिमट्याचे बारा बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. मालकाने त्यांच्याकडे पाहिलं. "बरोबरच आहेत, साहेब. आपण नुसता आठवडा बघत आलो. हे शिडीचे सोळा कुठून आणले?"

"रोजचे बारा, आठवड्याचे चार."

"म्हणजे तोच तास दोनदा?"

"नाही, एक दिवसाचा आणि एक..."

"अहो, एकच चादर एकदा धुतली. गिऱ्हाइकाला बिल दोनदा लावाल का? रोजचे वरचे बारा आधी बाजूला काढायचे. बावन्नातून बारा गेले, राहिले चाळीस. चाळीस हे अठ्ठेचाळीसच्या वर जातात का?"

"नाही," मी म्हणालो.

"कितवीपर्यंत शिकलात?"

मावशी मध्ये पडली. "पदवी आहे त्याची."

"असेल," बाई म्हणाल्या.

शिडीने दुवा परत घेतला नाही, पण कपाळावर मारलेला हात मात्र बराच वेळ तसाच ठेवला. मालकाने तीनदा शिंकून घेतलं आणि मागचा फरक द्यायचं कबूल केलं. मी खुर्चीत सैल झालो. चार तास गेले तर गेले, लढाई जिंकली होती.

"आणि सोमवारपासून," मालक नाक पुसत म्हणाले, "रोलरवर आठ तासांच्या वर कुणी थांबायचं नाही. सहा दिवस, आठ-आठ तास. दिवसाचं नको आणि आठवड्याचं नको. बरोबर ना हो, साहेब?"

साहेब म्हणजे मी. बरोबर होतं. माझ्याच दोन चाळण्यांतून ते पाण्यासारखं खाली उतरलं होतं. मी मावशीकडे बघितलं नाही. बघवेना. जिन्यावरून उतरताना ती पुढे होती आणि तिचा पदर इतका नीट खोचलेला होता की मला भीती वाटली.

पुढच्या मंगळवारी सकाळी काका उठले. ओट्यावर त्यांचा चहा झाकून ठेवलेला. त्यांनी आतली खोली पाहिली, मोरी पाहिली, मग माझ्या खाटेपाशी आले.

"ही कुठं गेली?"

"कामावर."

"मंगळवारी?"

मी सगळं सांगितलं. काका ट्रकवाले. पुढे रस्ता बंद दिसला की ते शिव्या देत नाहीत, आधी इंजिन बंद करतात. तसे ते माझ्या खाटेच्या कडेला बसले.

"म्हणजे पैसे आले आणि बायको गेली."

"संध्याकाळी येईल ना."

"संध्याकाळी मी पेंगतो," काका म्हणाले. ते खरंच होतं. आठवडाभर अंधारात उठून गाडी काढणारा माणूस, दिवे लागले की त्यांची मान खाली जाते. त्या दिवशी त्यांनी मिक्सर उघडला, चुकून नीट जोडला, आणि भांडायला कुणी नाही म्हणून पुन्हा उघडला. मावशी आली तेव्हा ते खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते. तिने त्यांच्या मांडीवरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि बराच वेळ नुसता हातात धरून उभी राहिली.

माझ्याशी ती बोलत नव्हती. जे सांगायचं ते भिंतीला सांगायची. "भिंते, ज्यांना जेवायचं असेल त्यांनी ताट घ्यावं. भिंते, शिकलेल्यांनी दिवा बंद करावा." बुधवारी ते दोघं बाजारात गेलेच नाहीत.

दुसराही आठवडा तसाच गेला. मग मीच भिंतीला म्हणालो, "मी मालकाकडे जातो. पाया पडतो. जुनंच चालू करा म्हणतो, फरकाचे पैसे परत घ्या म्हणतो."

मावशी पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "आणि शिडीचं काय?"

"तिचं काय?"

"तिच्या घराच्या वाटेवर दिवे नाहीत. इतकी वर्षं बारा तास संपवून ती कुंपण चाचपत घरी जायची. जोडी मोडायला नको म्हणून मला एका शब्दाने बोलली नाही. आता उजेडात पोचते. काल मला म्हणाली, अगं, माझ्या रस्त्यावरचं निळं घर संध्याकाळच्या उन्हात कसं दिसतं, मला माहीतच नव्हतं." मावशीने पदर खोचला. "माझ्या मंगळवारासाठी ती अंधारात चालली. तिला पुन्हा ढकलू तिकडे?"

या भागावर आमच्या पेपरात प्रश्न नव्हता. मी गप्प बसलो. ते मला आधीही जमलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी मावशीने काम सुटल्यावर मला लाँड्रीवर बोलावलं. "केबिनच्या बाहेर काचेपाशी उभा राहा. तोंड उघडायचं नाही. अडलं तर मी बघेन तुझ्याकडे, नाही तर तू नाहीस."

"मग बोलावलंस कशाला?"

"घरात बसून तू आणखी काही उलगडशील म्हणून."

दार अर्धं उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. मावशी मालकासमोर उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"मला चारच दिवस द्या. नऊ-नऊ तास. मंगळवार-बुधवार नको."

"पगार कमी होईल."

"होऊ दे."

"आणि रोलरवर शिडीसमोर कोण उभं करू? जोडी आहे तुमची."

"दुसरी द्या तिला. मी टॉवेलांच्या टेबलावर बसते."

मालकाची शिंक अर्ध्यात राहिली. "चिमटा रोलर सोडणार?"

मावशीचा हात टेबलावरच्या टिपकागदाकडे गेला आणि तिने त्याची घडी घातली.

"टॉवेलांवर पोरी बसतात," मालक म्हणाले. "बरं नाही का तुला? डोळे अधू झाले का?"

"बरी आहे."

"मग झालं काय?"

"नवरा घरी असतो," मावशी म्हणाली.

एवढंच. पण ज्या बाईने जन्मात नवऱ्याला चारचौघांत 'अहो' याच्यापुढे हाक मारली नाही, तिने ते वाक्य केबिनमध्ये उभं राहून म्हटलं आणि मान खाली घातली नाही. तिचे कान मात्र लाल झालेले मला काचेतून दिसले. हिशेबाच्या बाईंनी चष्मा काढला आणि मालकाकडे बघून म्हणाल्या, "लिहून टाकू ना? टॉवेलांवर एक हात कमीच आहे."

मालकाने मान हलवली. मग हुशारीने म्हणाले, "पण सोमवारी हॉटेलांचा ढीग येतो. सोमवारी बारा तास थांबावं लागेल."

मावशीने पहिल्यांदा काचेकडे पाहिलं. माझी वेळ आली होती. तोंड उघडायचं नव्हतं, म्हणून मी हात उंच करून तीन बोटं दाखवली. मग दोन्ही हातांनी दुप्पट कसं दाखवायचं ते सुचेना, म्हणून तीन बोटं दोनदा हलवली. आणि हे सहा तास समजले जातील की काय, या भीतीने मुंडी जोरजोरात नाही म्हणून हलवली.

"सोमवारचे वरचे तीन दुप्पट दराने, मला ठाऊक आहे," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "त्या बाहेरच्या विद्वानांना हात खाली करायला सांगा. गिऱ्हाईक बघतंय."

परत येताना शिडी फाटकापर्यंत आमच्याबरोबर आली. तिला कळलं होतं. ती मावशीला म्हणाली, "नवी पोर माझ्या खांद्याएवढी आहे. घडी सरळ येईल आता."

"येऊ दे," मावशी म्हणाली.

"मला उतरत्या घडीची सवय झालीये गं." आणि ती झटकन वळून गेली. लांब टांगा टाकत, उजेडात. मावशी ती दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने नुसतं पाहिलं. मी मिटलं.

घरी आल्यावर तिने भिंतीला मोकळं केलं आणि माझ्याशी थेट बोलायला लागली. मला बरं वाटलं, पण ते फार टिकलं नाही.

"माझा पगार आठवड्याला सहा तासांनी कमी होणार. केलास का हिशेब?"

मी केला होता. या वेळी दोनदा तपासला होता. सोमवारचे तीन दुप्पट धरूनही सहाच येत होते.

"ते सहा तासांचे पैसे आता दर महिन्याला तू देणार. खाटेचं भाडं."

"पण मावशी, मला महिन्याचा ठरलेला पगार. मी कितीही थांबलो तरी मला ओव्हरटाइम नाही."

"का रे, तुझ्या दोन चाळण्यांचं काय झालं?"

"मी कारकून आहे. त्या चाळण्या कारखान्यांच्या, आमच्या चार माणसांच्या ऑफिसला लागू नाहीत."

मावशी खूप दिवसांनी हसली. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "आणि दुसरं," डोळे पुसत ती म्हणाली, "मंगळवारी-बुधवारी ऑफिसातून लवकर सुटलास तरी घरी यायचं नाही. दिवे लागल्यावर ये. आमच्या दोघांत तू तिसरा नकोस."

पहिल्याच मंगळवारी साहेबांनी मला दुपारीच घरी पाठवलं. ऑफिसातलं विजेचं मीटर जळालं होतं. मी थोडा वेळ बाजारात हिंडलो. मग पाय दुखायला लागले आणि वाटलं, मावशी एवढं काही बोलायची नाही. जिना चढलो. आतून मोठमोठ्याने आवाज येत होते.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं कपाट सरकवायला?"

"अगं, उजेड यायचा खोलीत."

"कपड्यांना उजेड कशाला हवा? खिळा तुटला ना? तुटला ना?"

मी दारावर टकटक केलं. आतला आवाज थांबला.

"कोण?"

"मी."

"दिवे लागले का?"

"नाही. पण ऑफिसातले दिवे गेलेत."

"अगं, दमून आलं असेल पोर," काका म्हणाले. "घे आत."

"बसू दे पायरीवर. आत्ताशी कुठे कपाटाचं निघालंय, अजून मिक्सरचं बोलायचंय मला."

मी खाली उतरलो. सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. माझा उतरलेला चेहरा पाहून त्याने एक मोडका स्टूल पायाने माझ्याकडे सारला.

"काय, बाहेर काढलं?"

"नाही," मी म्हणालो. "मंगळवार आहे."

वर काहीतरी जड धाडकन पडलं. आम्ही दोघांनी छताकडे पाहिलं. मग मावशी जी सुरू झाली ती थांबेचना. मध्येच काकांचं हसू ऐकू आलं. सायकलवाल्याने पंप माझ्या हातात दिला आणि मी हवा भरू लागलो.